दवाखान्यातील प्रतीक्षाकक्ष आणि संसर्ग-नियंत्रण : रुग्णांसाठीच्या नियमांमागील कारणमीमांसा

प्रस्तावना :
डॉक्टरांच्या दवाखान्यात रुग्णाचा पुष्कळसा वेळ तपासणीपेक्षा नंबर येण्याची वाट पाहण्यातच जातो. खोकणारा रुग्ण, मधुमेही वृद्ध, गर्भवती स्त्री आणि लसीकरणासाठी आणलेले तान्हे मूल ही सर्व एकाच बाकावर बसलेली असतात. या टप्प्यावर बहुतेकांचे निदान झालेले नसते. म्हणूनच प्रतीक्षाकक्षातील नियम निदानावर नव्हे, तर लक्षणांवर आधारलेले असणे आवश्यक ठरते.

संसर्गाचे मार्ग :
रोगजंतू मुख्यतः स्पर्श आणि श्वसन या मार्गांनी पसरतात. खोकल्यातील मोठे थेंब लवकर खाली बसतात. अतिसूक्ष्म कण मात्र हवेत तरंगत राहतात. क्षय, गोवर व कांजिण्या यांचा प्रसार हवेतून होतो. गोवराचा रुग्ण निघून गेल्यानंतरही त्याचे विषाणू खोलीच्या हवेत सुमारे २ तास टिकू शकतात. त्यामुळे केवळ अंतर राखून बसणे पुरेसे नसते.

रुग्णांनी पाळावयाचे नियम :
१) ताप व अंगावर पुरळ असल्यास येण्यापूर्वी दूरध्वनीवरून कळवावे, म्हणजे रुग्णाला थेट आत घेता येते.
२) खोकला असल्यास मास्क लावावा, नसल्यास रुमाल किंवा कोपराची घडी तोंडापुढे धरावी. दक्षिण आफ्रिकेतील बहुऔषध-प्रतिरोधी क्षयाच्या रुग्णांसंबंधी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांनी साधा सर्जिकल मास्क वापरला असता, त्यांच्या कक्षातील हवा ज्या गिनीपिगांना मिळाली त्यांच्यातील संसर्गाचा धोका सुमारे ५६ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले.
३) दोन आठवडे वा अधिक काळ खोकला असल्यास येताक्षणीच सांगावे. भारतात ही क्षयाच्या तपासणीची खूण मानली जाते.
४) साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. जुलाब-उलटीच्या रुग्णाने सॅनिटायझरवर विसंबू नये. नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर त्याचा परिणाम कमी होतो.
५) सोबत शक्यतो एकच व्यक्ती आणावी.

नियमांची मर्यादा :
हे नियम रुग्णाने पाळावयाचे असले, तरी ते पाळता येतील अशी व्यवस्था करणे डॉक्टरांच्या हाती असते. पेरूतील लिमा येथील रुग्णालयांविषयी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, खिडक्या-दारे उघडी असता, नव्या इमारतींपेक्षा हवा अधिक खेळती असल्याचे दिसून आले. खिडक्या बंद करून साधा स्प्लिट एसी लावल्यास खोलीतील तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. भारतात हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणासाठी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० पासून उपलब्ध आहेत.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. केवळ 'संशयित' व्यक्तीलाच मास्क लावण्यास किंवा वेगळे बसण्यास सांगितले, तर तिच्यावर कलंकाचा शिक्का बसतो. पुढच्या खेपेस ती खोकला लपवते आणि नियमाचा मूळ हेतूच विफल होतो. खोकणाऱ्या प्रत्येकाला तोच नियम लावल्यास हा दोष टळतो.

समारोप :
सारांश, प्रतीक्षाकक्षातील नियम हे शिस्तीचे फलक नसून, अद्याप निदान न झालेल्या रोगापासून शेजारी बसलेल्या अनोळखी व्यक्तीचे रक्षण करण्याचे साधन आहे. रुग्णाचा मास्क, कंपाउंडरची विचारपूस आणि डॉक्टरांची उघडी खिडकी यांचा मेळ बसला, तरच ते साधन परिणामकारक ठरते.