धाकट्या बहिणीचे गाणे

थोरल्या भावंडाने नाव काढले आणि धाकट्याने त्याच क्षेत्रात पाऊल टाकले, की तुलना सुरू होते आणि ती जन्मभर पाठ सोडत नाही. लता आणि आशा या नावांमुळे मराठी माणसाला हा पेच वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेतील 'कंट्री' संगीतात, म्हणजे तिकडच्या डोंगरकपारीतून आणि खेड्यापाड्यांतून वर आलेल्या, गिटार आणि फिडलच्या साथीने संसाराची कथा सांगणाऱ्या गाण्यांत, तो क्रिस्टल गेल या गायिकेच्या वाट्याला आला. तिची थोरली बहीण म्हणजे लोरेटा लिन. कंट्री संगीतात या नावाचा दबदबा एवढा, की त्यापुढे दुसऱ्या कोणाला घराण्याची ओळख सांगायला जागाच उरू नये.

लोरेटाचा जन्म १९३२ चा, केंटकी राज्यातील बुचर हॉलर या कोळसा खाणकामगारांच्या वस्तीतला. आठ भावंडांत ती दुसरी. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती पार देशाच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेली. शेंडेफळ ब्रेंडा गेल वेब जन्मली ९ जानेवारी १९५१ रोजी. तोवर थोरली आईसुद्धा झाली होती. एकाच आईबापांच्या या दोन मुली एका छपराखाली कधी वाढल्याच नाहीत. ब्रेंडा चारेक वर्षांची असताना खाणीतले काम सुटलेले वडील कुटुंब घेऊन इंडियाना राज्यातील वाबाश या गावी आले. विजेच्या दिव्यांनी १८८० सालीच उजळलेले गाव म्हणून वाबाशला स्वतःचा अभिमान आहे! थोरलीचे बालपण डोंगरातल्या अंधारातले, धाकटीचे या दिव्यांखालचे. १९५९ मध्ये वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. आई शुश्रूषागृहात कामाला जाऊ लागली. घरात कंट्री होतेच, पण रेडिओवरचे पॉप आणि लोकसंगीतही मुलीच्या कानी पडत होते. पुढे तिच्या गळ्यातून जे उमटले, त्याची मुळे या वेगळ्या बालपणात आहेत.

दार मात्र थोरलीनेच उघडून दिले. १९६२ पासून नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री'ची सदस्य असलेल्या लोरेटाच्या जागी सोळाव्या वर्षी ब्रेंडा त्या रंगमंचावर एकदा गाऊनही आली. शाळा संपल्यावर १९७० मध्ये डेक्का या लोरेटाच्याच ध्वनिमुद्रिका कंपनीने तिच्याशी करार केला. अडचण नावाची होती. डेक्काकडे ब्रेंडा ली ही नामवंत गायिका आधीच होती. नवे नाव लोरेटाने सुचवले, आणि तेही कोठून, तर 'क्रिस्टल' या हॅम्बर्गर विकणाऱ्या उपाहारगृहांच्या पाटीवरून. पहिले गाणेही लोरेटानेच लिहिलेले. ते देशभरच्या कंट्री गाण्यांच्या यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत गेले. पदार्पणाला हे यश वाईट नव्हते. पण ऐकणाऱ्याला त्यात लोरेटाच ऐकू येत होती.

याच वळणावर कदाचित ही कथा संपली असती. घरातली उदाहरणे समोर होती. भाऊ जे ली वेब आणि मधली बहीण पेगी सू यांनीही ध्वनिमुद्रिका काढल्या, त्याही डेक्काकडेच. पेगी सू तर लोरेटाच्या एका गाजलेल्या गाण्याची सहलेखिका. दोघांकडे गुण होते, पण बहिणीच्या नावापलीकडे त्यांना फारसे जाता आले नाही. क्रिस्टलला वाचवले ते खुद्द लोरेटाच्या सल्ल्याने. मी जे गाईन ते तू गाऊ नकोस, एक लोरेटा लिन झाली आहे, दुसरी कोणाला नको, असे तिने धाकटीला बजावले. कीर्तीच्या शिखरावर चढणाऱ्या बहिणीने हे सांगावे, यात माया जितकी होती तितकाच धंद्यातला रोखठोकपणाही होता, असे मला वाटते.

सल्ल्याची किंमत मात्र मोठी होती. ज्या १९७० साली क्रिस्टलची पहिली तबकडी निघाली, त्याच साली लोरेटाचे 'कोल मायनर्स डॉटर' आले. पुढे त्याच नावाचे आत्मचरित्र आले, १९८० मध्ये चित्रपट निघाला, त्यातल्या भूमिकेबद्दल सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळाले. खाण, दारिद्र्य, खोकणारे वडील, हे सारे क्रिस्टलच्याही घरचेच; पण त्यावरचा हक्क थोरलीच्या नावे लागून गेला होता. कोळसा कामगाराची मुलगी असूनही तिला ते गाता येणार नव्हते.

मग तिने डेक्का सोडली. युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीत तिला ॲलन रेनॉल्ड्स हा निर्माता भेटला, आणि १९७४ च्या अखेरीस 'राँग रोड अगेन'ने पहिल्या दहांत जागा मिळवली. १९७६ मध्ये पहिले अव्वल क्रमांकाचे गाणे झाले. त्यानंतर १९७७ साली आले 'डोन्ट इट मेक माय ब्राऊन आईज ब्लू'. रिचर्ड ली याचे हे गाणे, आणि त्याच्या सुरुवातीचा हार्गस रॉबिन्स या दृष्टिहीन वादकाचा पियानो ऐकताना आपण नॅशव्हिलमध्ये नसून रात्री उशिरा एखाद्या जाझ क्लबात बसलो आहोत असे वाटते. आवाज मऊ, श्वास लांब. दुःख आहे, पण आक्रोश नाही. लोरेटाने हेच गाणे गायले असते तर त्या पुरुषाची खरडपट्टी निघाली असती! (गंमत म्हणजे तपकिरी डोळ्यांचे हे गाणे गाणारीचे स्वतःचे डोळे निळे आहेत.) कंट्रीच्या यादीत ते चार आठवडे पहिले राहिले, सर्वसाधारण यादीत दुसरे आले. गाण्याला ग्रॅमी मिळाले आणि ते ज्या संग्रहात होते, तो दहा लाखांहून अधिक खपला. कंट्री गायिकेच्या संग्रहाला हे भाग्य प्रथमच लाभत होते. १९८२ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या 'वन फ्रॉम द हार्ट'साठी ती टॉम वेट्स याच्या घोगऱ्या आवाजाजवळ गायली. ते मला तिच्या यशस्वी गाण्यांहूनही मोलाचे वाटते.

हे कंट्री आहे का, अशी कुरकुर तेव्हा झाली. ती अगदीच निराधार नव्हती. लोरेटा आपले जगणे स्वतः लिहीत होती. संततिनियमनाच्या गोळीवर तिने गायलेले गाणे १९७५ मध्ये कित्येक रेडिओ केंद्रांनी लावायला नकार दिला होता. तो धारदारपणा क्रिस्टलकडे नाही. ती मुख्यतः इतरांचे शब्द गात आली. कलावंत म्हणून लोरेटाचे पारडे जड आहे, यात शंका नाही. परंतु 'बिलबोर्ड'च्या कंट्री यादीत अव्वल ठरलेली क्रिस्टलची गाणी १८ आहेत, आणि लोरेटाची १६.

इतके असूनही ऑप्रीचे सदस्यत्व तिला मिळाले थेट जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी. त्या रात्री तिला रीतसर दाखल करून घेणारी लोरेटाच होती. दोन वर्षांनी क्रिस्टलचा जुन्या कंट्री गाण्यांचा संग्रह आला. जी वाट तरुणपणी टाळायची होती, तिच्यावर ती आता निर्धास्तपणे उतरली होती. त्यात डॉली पार्टन आणि तिच्या मामाने लिहिलेले एक गाणे आहे. क्रिस्टल, पेगी सू आणि लोरेटा, तिघी बहिणी ते एकत्र गायल्या आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये लोरेटा गेली.