सामान्यांचा विरोध (भाग ७) : लाउबाखच्या कचेरीतल्या दहा वह्या

गेल्या आठवड्यात आपण ओटो आणि एलिझ हांपेल या बर्लिनच्या दाम्पत्याची हकिगत वाचली. हिटलरविरोधी पोस्टकार्डं जिन्यांवर ठेवत फिरणाऱ्या त्या दोघांची देहान्त शिक्षा एप्रिल १९४३ मध्ये अमलात आली. आजच्या भागातले कोर्टाचे कर्मचारी फ्रीडरिश केलनर नाझींविरुद्ध बोलूनही मात्र वाचले. कसे वाचले, हे समजून घेण्यासारखं आहे.

केलनर यांचा जन्म १८८५ चा. माइन्त्सच्या कोर्टात प्रशासकीय नोकरी, पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतलेले, सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे कार्यकर्ते. माइन्त्स हे गुटेनबेर्गचं गाव. तिथल्या सभांमध्ये केलनर हिटलरचं पुस्तक उंच धरून सांगत, की या पुस्तकाने गुटेनबेर्गच्या छापखान्याची विटंबना केली आहे. जानेवारी १९३३ मध्ये, हिटलरच्या हाती सत्ता येण्याच्या तोंडावर, त्यांनी हेसेन प्रांतातल्या लाउबाख या छोट्या गावी बदली घेतली.

नाझी छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छावणीच येते. सरकारी नोकराच्या वाट्याला आधी येत असे ती चौकशी. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंच्या घरांवर, दुकानांवर हल्ले झाले. दंगेखोरांच्या म्होरक्यांवर खटला भरा, असा आग्रह केलनरनी धरला. न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि उलट चौकशी सुरू झाली ती केलनर यांच्या पत्नीची, पाउलिनाची. तिच्या अंगात ज्यू रक्त आहे का, हे शोधायचं होतं. घराण्याच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून ती सुटली. कायदा मोडणारे मोकळे आणि कायद्याची आठवण करून देणाऱ्याची बायको संशयित! कोर्टात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे किती लागलं असेल!

फेब्रुवारी १९४० मध्ये गीसेनच्या जिल्हा न्यायालयाच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून ताकीद दिली. गावातल्या नाझी पुढाऱ्यांनी तर सरळ धमकावलं : असंच बोलत राहिलात तर तुम्ही आणि तुमची बायको, दोघंही छळछावणीत जाल. पक्षाच्या एका अधिकाऱ्याने तेव्हा लिहून ठेवलं, की असल्या माणसांना सापळ्यात ओढावं लागेल आणि खरा हिशेब युद्धानंतरच चुकता करता येईल. ते 'युद्धानंतर' नाझींच्या नशिबी आलंच नाही; केलनर वाचले ते त्यामुळे.

तोंड बंद झालं, पण लेखणी चालू राहिली. युद्ध सुरू झाल्यापासून त्यांनी दहा वह्या भरल्या, आठशेहून अधिक पानं. सरकारी वर्तमानपत्रांतली कात्रणं चिकटवायची आणि शेजारी त्यातला खोटेपणा उलगडायचा. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांनी मनोरुग्णालयांत चाललेल्या हत्यांविषयी लिहिलं. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला, पोलंडहून रजेवर आलेल्या एका सैनिकाने काय पाहिलं ते नोंदवलं : विवस्त्र ज्यू स्त्रीपुरुषांना खोल चराच्या काठावर उभं करून डोक्यात गोळ्या घातल्या जात होत्या.

केलनरपाशी कुठलीही गुप्त कागदपत्रं नव्हती. रोजचं वर्तमानपत्र, गावातली बोलणी आणि कचेरीतले कागद, एवढ्यावर त्यांना हे कळलं. युद्धानंतर 'आम्हाला ठाऊक नव्हतं' असं म्हणणाऱ्या असंख्य जर्मनांना या वह्या उघडं पाडतात, असं माझं ठाम मत आहे.

१९६८ मध्ये केलनरनी या वह्या अमेरिकेतल्या नातवाच्या हवाली केल्या. १९७० मध्ये ते गेले. जर्मनीत वह्या छापल्या गेल्या २०११ मध्ये.

पुढच्या भागात फ्रिट्झ कोल्बे : परराष्ट्र खात्याचे गुप्त कागद बर्नला नेऊन अमेरिकनांच्या हाती देणारा कर्मचारी.