उत्तरेकडचे पियानोवादक – लेखांक 7 : हर्मन कोपेल

मागच्या लेखात कार्ल नील्सनच्या पियानोरचनांची ओळख झाली. नील्सनचा हात बसलेला होता तो व्हायोलिनवर. पियानोसाठी लिहिताना बोटांच्या सोयीचा विचार तो फारसा करत नाही, त्यामुळे भल्याभल्या वादकांना ही पानं अवघड जातात. त्यांना घरचा म्हणावा असा वादक मिळाला तो हर्मन कोपेलच्या रूपाने.

कोपेल 1 ऑक्टोबर 1908 रोजी कोपनहेगनमध्ये जन्मला. आईवडील पोलंडहून येऊन स्थायिक झालेले ज्यू, वडिलांचा व्यवसाय शिंप्याचा. विशी गाठण्याआधीच तो राजधानीच्या संगीत अकादमीत दाखल झाला आणि तिथे नील्सनच्या नजरेत भरला. नील्सनच्या रचना खुद्द नील्सनला वाजवून दाखवायचं भाग्य त्याला लाभलं. 1930 मध्ये त्याची पहिली जाहीर मैफल झाली, आणि पुढच्याच वर्षी नील्सन गेला.

म्हणून कोपेलची ध्वनिमुद्रणं मला मोलाची वाटतात. नील्सनची ‘चाकॉन’ ऐकून पाहा. सुरुवातीला खालच्या सप्तकात आठ मात्राखंडांची एक धून एकटीच येते, सोबतीला काही नाही. मग तीच धून वीस वेळा वेगवेगळ्या रूपांत फिरते. वाढत वाढत अक्षरशः कल्लोळ होतो आणि शेवटी सारं निवतं. या कल्लोळात वादकाला ताकद दाखवायचा मोह होतोच. कोपेल तो आवरतो. कितीही गर्दी झाली तरी मूळ धून कुठे चालली आहे हे ऐकणाऱ्याला कळत राहतं. वाजवणं थोडं कोरडं वाटेल, पण रचनेचा सांगाडा इतका स्वच्छ दाखवणारे वादक मी फार कमी ऐकले आहेत.

तो स्वतः रचनाकारही होता. तिशीच्या दशकातल्या त्याच्या संगीतात बार्टोक आहे, स्ट्राविन्स्की आहे, जाझची लय आहे आणि नील्सन तर आहेच. कारागिरी पक्की, पण या सगळ्यांत कोपेल कुठे आहे ते शोधावं लागतं.

1943 च्या सप्टेंबरअखेर जर्मन सत्तेने डेन्मार्कमधल्या ज्यूंना पकडायचं ठरवलं. बातमी आधीच फुटली. धाडी पडल्या त्या 1 ऑक्टोबरच्या रात्री. कोपेलला त्या दिवशी पस्तीस वर्षं पूर्ण झाली होती. शेजारीपाजारी, डॉक्टर, कोळी, विद्यार्थी अशा साध्या माणसांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना लपवलं आणि रात्रीच्या अंधारात होड्यांतून सामुद्रधुनीपलीकडे स्वीडनला पोचवलं. सुमारे 470 जण मात्र सापडले. त्यांची रवानगी थेरेझिनश्टाटच्या छावणीत झाली. कोपेल बायकामुलांसह सुटला. स्वीडनमधल्या एरेब्रू शहरात एप्रिल 1944 मध्ये त्याचा मुलगा थॉमस जन्मला. 1945 मध्ये कुटुंब परत कोपनहेगनला आलं.

परतलेला कोपेल वेगळा होता. 1949 मध्ये त्याने दावीदाच्या तीन स्तोत्रांना संगीत दिलं. एकल गायक, समूहगायन आणि वाद्यवृंद असा मोठा पसारा. साठीच्या दशकात ‘मोझेस’ हे त्याहूनही विशाल गायनकाव्य रचलं. आईवडिलांकडून आलेला जो वारसा तोवर त्याच्या संगीतात दबलेला होता, तो इथे मोकळ्या गळ्याने बोलतो. माझ्या मते त्याला स्वतःचा आवाज सापडला तो इथेच. वाजवताना दुसऱ्याच्या रचनेपुढे नमतं घेणारा हा माणूस इथे कुणाच्याही आड उभा नाही.

पियानो मात्र सुटला नाही. मैफली चालू राहिल्या, 1955 मध्ये तो अकादमीत प्राध्यापक झाला आणि अनेक पिढ्यांना शिकवलं. घरातही संगीतच होतं. एक मुलगी लोने ऑपेरागायिका झाली, दुसरी तेरेसे पियानोवादक. थॉमस आणि अँडर्स या मुलांनी 1967 मध्ये ‘सॅव्हेज रोझ’ हा रॉक बँड काढला आणि तो डेन्मार्कभर गाजला. वडिलांच्या पठडीत बसेल असं हे संगीत नव्हे, तरी थॉमसच्या लांबलचक रचनांमधली शिस्त ऐकली की तालीम कुठली ते लपत नाही. कोपेल 14 जुलै 1998 रोजी वारला. एव्हाना त्याच्या नावावर सात सिंफनी आणि चार पियानो कन्चेर्टो जमा झाले होते.

पुढच्या आठवड्यात कोपनहेगनचाच आणखी एक ज्यू पियानोवादक, कोपेलपेक्षा तीन महिन्यांनी धाकटा. त्याने 1940 मध्येच अमेरिका गाठली आणि पियानोसमोर बसून जगाला हसवलं : व्हिक्टर बोर्गे.