करार कोणाकोणाचा?

अमेरिकेच्या राज्यघटनेचा विषय निघाला की वॉशिंग्टन, जेफर्सन यांची नावे सहज ओठांवर येतात. परंतु त्या शासनसंस्थेच्या मुळांचा एक धागा अहमदनगरपर्यंत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपर्यंत, पोहोचला होता याचे स्मरण क्वचितच होते.

त्या शासनसंस्थेला दोन झऱ्यांचे पाणी मिळाले. पहिला धर्माचा. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून गेलेल्या प्रवाशांनी किनाऱ्यावर वसाहत करण्यापूर्वीच लेखी करार करून आपले शासन आपणच निर्माण केले. मंडळीचा कारभार सभासदांनीच पाहावयाचा, हा त्यांच्यातील धर्मनिष्ठांचा दंडक होता. तोच पुढे न्यू इंग्लंडच्या गावसभांतून दिसू लागला. मनुष्य स्खलनशील आहे या श्रद्धेने सत्तेवर अंकुश हवा ही वृत्तीही जोपासली. दुसरा झरा बुद्धिवादाचा. लॉकने राज्याचा पाया प्रजेच्या संमतीत शोधला. माँतेस्क्यूने सत्ताविभाजनाचे तत्त्व मांडले. १७८७ ची घटना या संगमावर उभी राहिली आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने संघराज्याला अधिकृत धर्म स्थापण्यास मनाई केली. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र चर्चसाठी कर १८३३ पर्यंत चालूच होता.

याच धर्मपरंपरेतून आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. शाळा, प्रवचने आणि १८४२ मध्ये येथेच सुरू झालेले 'ज्ञानोदय' ही त्याची साधने. मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. चर्चचा कठोर टीकाकार असलेल्या टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथही त्यांनी वाचला होता. दोन्ही झरे असे एका मराठी माणसापाशी येऊन मिळाले.

परंतु अमेरिकेच्या करारात एक मोठी उणीव होती. प्रतिनिधींची संख्या ठरविताना १७८७ च्या घटनेने गुलामाला तीनपंचमांश माणूस धरले. त्याची संमती कोणी विचारली नाही. गुलामगिरी नष्ट व्हावयास १८६५ साल उजाडावे लागले. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती घटनाकारांना नव्हे, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. करार लिहिणाऱ्यांपेक्षा तो रुंदावणारे त्यांना वंद्य वाटले.

भारताची घटनाही 'आम्ही' या शब्दाने सुरू होते. त्या 'आम्ही'त कोण बसले आणि कोण अद्याप दाराशी उभे आहे, हे ग्रामसभेपासून संसदेपर्यंत पुनःपुन्हा तपासणे, हाच या इतिहासाचा बोध होय.