घरचं गॅरेज : टिकटिक ऐका, मग पाना उचला

(लेखमाला – भाग ६)

जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मान्यापर्यंत ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, की वेग वाढतोच. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. अशा रस्त्यावर तुम्ही मूर्तिजापूरकडे वळताय आणि मागचा इंडिकेटर बंद आहे, तर मागच्या माणसाला ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. गेल्या भागात बॅटरी पाहिली, आज इंडिकेटर. यातले बरेच बिघाड घरीच ओळखता येतात. अट एकच : आधी लक्षण नीट वाचायचं, सुटा भाग मग आणायचा.

पहिली परीक्षा : वेग

किल्ली चालू, इंजिन बंद. डावा इंडिकेटर लावा, मग उजवा. नियमाप्रमाणे दिवा मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. एका बाजूला टिकटिक एकदम घाईची झाली, तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेला असं बहुधा समजावं. कारण सोपं आहे. पुढचा-मागचा प्रत्येक बल्ब साधारण २१ वॅटचा. दोन्ही मिळून १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर ओढतात. एक गेला, की प्रवाह निम्म्यावर येतो आणि फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारा रिले, वेग वाढवून चालकाला सांगतो. साधा बल्ब काढून एलईडी लावला, तरी हेच होतं; कारण एलईडी फारच कमी प्रवाह घेतो. तिथे एलईडीला चालणारा फ्लॅशर लागतो.

दुसरी परीक्षा : लाल त्रिकोणाचं बटण

आता ते बटण दाबा. चारही दिवे लुकलुकले, पण इंडिकेटर मात्र दोन्ही बाजूंना बंद, तर बल्ब आणि बल्बपर्यंतच्या तारा ठीक आहेत. संशय इंडिकेटरच्या फ्यूजवर किंवा स्टेअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचवर. बटण आणि इंडिकेटर दोन्ही चालत नसतील, तर फ्यूज आणि फ्लॅशर रिले तपासा. दिवा लागतो पण लुकलुकत नाही, तर संशय रिलेवरच. फ्यूज गेला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा : लाल १०, निळा १५. त्या जागी तार गुंडाळणं म्हणजे वायरिंगला आग लावण्याची सोय आहे. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे.

तिसरी परीक्षा : अदलाबदल

एकच दिवा बंद असेल, तर स्विच बंद करून बल्ब थंड होऊ द्या. दाबून डावीकडे फिरवला, की तो सुटतो. चालू बाजूचा बल्ब त्या जागी लावा. तो लागला, तर जुना बल्ब गेला. दुकानात जाताना जुना बल्ब सोबत न्या : नारिंगी बल्बच्या पिना तिरक्या असतात, पांढऱ्याच्या समोरासमोर. बसत नसेल, तर जोर लावू नका.

चांगला बल्बही लागला नाही, तर होल्डर पाहा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या तापात प्लास्टिक तडकतं, पुढे पावसाळ्यात फटीतून ओल शिरते आणि पितळेवर हिरवट गंज चढतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून पॉलिश पेपरनं तो घासा. इंडिकेटर लावल्यावर शेजारचा टेललाइटही मंद लुकलुकत असेल, तर अर्थिंग खराब आहे. होल्डरच्या अर्थपासून बॉडीच्या स्वच्छ बोल्टपर्यंत एक वेगळी तार जोडून पाहा. दिवा उजळला, तर दोष पकडला.

इथे थांबा

स्टेअरिंग उघडायचं असेल, तर एअरबॅग असलेल्या गाडीला हात लावू नका. नव्या गाड्यांत फ्लॅशरचं काम संगणकी युनिट करतं. तेही ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्या. मात्र त्याला तिन्ही परीक्षांचं उत्तर सांगा. त्याचा वेळ वाचेल, तुमचे पैसेही.

दुरुस्ती झाल्यावर घरच्या कुणाला तरी मागे उभं करून चारही कोपरे तपासून घ्या. काच फिकी पडून उजेड पांढरा दिसत असेल, तर तीही बदला. नारिंगी उजेड दिवसाही दिसायला हवा.

पुढच्या आठवड्यात : हॉर्न वाजत का नाही?