प्रार्थनेचा सोबती: पेण ते रोहा

सभेत सगळेच वक्ते 'मंडळी' म्हणतात, पण आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय. आज त्यातल्या फक्त दोघांबद्दल बोलायचं आहे.

आम्ही दोघं एकाच मंडळीचे. एकाचं घर पेणला, दुसऱ्याचं रोह्याला; मधे कासू आणि नागोठणे. रोहेकराची धाटावच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, पेणकराचं दुकान. गणपतीच्या आधी तर त्याला जेवायलाही फुरसत नसते. रविवारी उपासनेनंतर भेट व्हायची, ती हात मिळवण्यापुरती. म्हणून ठरवलं, मंगळवारी आणि शुक्रवारी फोनवर वीस मिनिटं प्रार्थना करायची.

एकट्याने प्रार्थना होत नाही का? होते की! पण एकटा माणूस चालढकल करतो. समोर कोणी वाट बघतंय म्हटलं की उठावं लागतं. शिवाय कधीकधी स्वतःसाठी शब्दच सुचत नाहीत. तेव्हा दुसरा आपलं नाव घेऊन देवाजवळ मागतो आणि आपण नुसतं ऐकतो. ते ऐकणं फार मोठं असतं.

ही काही नवी टूम नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण तयार आहे, असं विचारलं. सुमारे 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या 550 वर गेली. तिथल्या मोठ्या जागृतीची गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला मात्र त्याआधीचे ते पाच-सहा महिने जास्त महत्त्वाचे वाटतात.

आमची पद्धत साधी. आधी पाच मिनिटं बोलणं, मग एक छोटा उतारा, मग आळीपाळीने प्रार्थना. लांबलचक नको, फोनवर लांब प्रार्थना म्हणजे भाषणच होतं. (आता आम्हीच भाषण करतोय, ते सोडा.) एका वहीत तारीख आणि विषय लिहायचा. महिन्याने मागची पानं चाळली की कळतं, आपण किती मागतो आणि उपकार मानायला किती विसरतो.

आता चुकलं कुठे, ते सांगतो. एका रात्री रोहेकराने सांगितलं, मुलाने कर्ज करून ठेवलंय. पुढच्या घरगुती सभेत पेणकर म्हणाला, "एका भावाच्या घरी कर्जाचं संकट आहे, प्रार्थना करा." नाव घेतलं नाही. पण वीस-पंचवीस घरांच्या मंडळीत नाव कशाला लागतं? रविवारी चर्चच्या पायरीवर कोणीतरी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला. वहिनींना कर्जाचं काहीच माहीत नव्हतं.

तीन महिने फोन बंद. चर्चमध्येही दोघं दोन टोकांना. मग एकदा पेणकर मत्तयाचा 18 वा अध्याय वाचत होता. दोघं-तिघं जमतात तिथे प्रभू असतो, हे वचन आपल्याला पाठ असतं. पण त्याच्या आधी काय आहे? भावाभावांत बिनसलं तर प्रथम एकांतात जाऊन भेट, चारचौघांत नको, असं आहे. म्हणजे ते वचन थोडी माणसं जमली म्हणून समाधान मानण्यासाठी नाही. ते बिनसलेल्यांच्या प्रकरणातच आलंय. इथे अपराध पेणकराचा होता, तेव्हा जायचंही त्यानेच. फोन न करता तो गाडीत बसला आणि रोह्याला उतरला.

माफी दोघांची मागावी लागली. वहिनींचा राग पेणकरापेक्षा नवऱ्यावर जास्त होता: "मित्राला सांगितलंत, मला नाही?" त्यावर दोघांकडेही उत्तर नव्हतं. त्या दिवशी प्रार्थना झाली नाही, नुसता चहा झाला.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. एकमेकांचा विषय विचारल्याशिवाय तिसऱ्याकडे न्यायचा नाही, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. आणि घरातली गोष्ट आधी घरात सांगायची. आता रोह्याचा फोन स्पीकरवर असतो. वहिनी भाकऱ्या करता करता ऐकतात, आणि प्रार्थना फारच लांबली तर आतूनच जरा मोठ्याने 'आमेन' म्हणतात.