३९ गावांतला प्रयोग देशभर कसा पोहोचला? गडचिरोलीच्या आरोग्यदूतांची गोष्ट

बाळंतीण बाळाला घेऊन घरी येते. तिसऱ्या दिवशी गावातली आशाताई दारात हजर होते. आधी हात धुते, बाळाचं वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, मिनिटभर श्वास मोजते. बाळ नीट दूध पितंय का, हे आईला विचारते आणि फॉर्म भरून पुढच्या घरी जाते.

महाराष्ट्रातल्या गावांना हे दृश्य आता नवं नाही. या भेटी सरकारी कार्यक्रमाचा भाग आहेत. पण त्यांची सुरुवात मंत्रालयात झाली नाही. ती झाली गडचिरोलीत, एका स्वयंसेवी संस्थेच्या कामातून.

'संस्था चांगलं काम करतात, पण त्याने देशाला काय फरक पडतो?' असं अनेकदा विचारलं जातं. गडचिरोलीतल्या या प्रयोगातून त्याचं उत्तर मिळतं. ते उत्तर कुठे अपुरं पडतं, हेही त्यातच दिसतं.

पहिले २८ दिवस धोक्याचे का असतात?

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतल्या बाळाला 'नवजात' म्हणतात. या काळात बाळ दगावण्याची कारणं साधारण ठरलेली असतात. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असणं, जन्मताच श्वास न घेणं, अंग थंड पडणं आणि जंतुसंसर्ग ही त्यातली प्रमुख.

यातली बरीच संकटं टाळता येतात किंवा वेळेत उपचार झाले तर बाळ वाचतं. अडचण वेळेचीच असते. नवजात बाळाची तब्येत काही तासांत बिघडते आणि लक्षणंही ठळक नसतात. ते फक्त दूध कमी पितं, मलूल होतं, रडण्याचा आवाज क्षीण होतो. घरच्यांना आजार लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

'सर्च'ने सुरुवात कशी केली?

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. घनदाट जंगल, मोठी आदिवासी लोकसंख्या आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते ही इथली परिस्थिती. भामरागडसारखा भाग पर्लकोटा नदीला पूर आला की आजही जगापासून तुटतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दाम्पत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलं आणि गडचिरोलीत स्थायिक झालं. १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था उभी राहिली. उपचार आणि संशोधन दोन्ही एकाच ठिकाणी करायचं, हा तिचा पाया होता.

संस्थेने सुरुवातीला लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजावे लागतात. पण गावातल्या अनेक सुईणींना आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक साधं उपकरण बनवण्यात आलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ठरलेल्या मण्यापलीकडे गेलं की न्यूमोनियाची शक्यता.

न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले, पण नवजात बाळांचे मृत्यू हा मोठा प्रश्न उरला. १९९५-९६ मध्ये संस्थेने ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली. त्यातली ९५ टक्के बाळं घरीच जन्मली होती. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात वैद्यकीय मदत मिळाली ती ३ टक्क्यांपेक्षाही कमी बाळांना.

आरोग्यदूत काय करायच्या?

बाळ रुग्णालयापर्यंत पोहोचत नसेल, तर उपचार बाळापर्यंत न्यायचे, असं 'सर्च'ने ठरवलं. त्यासाठी त्या त्या गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या महिला निवडल्या. त्यांना 'आरोग्यदूत' म्हटलं गेलं.

त्या गरोदरपणातच घरी जाऊन माहिती द्यायच्या आणि बाळंतपणाच्या वेळी सुईणीसोबत हजर राहायच्या. बाळाने श्वास घेतला नाही तर काय करायचं, त्याला उबदार पिशवीत कसं ठेवायचं, वजन कसं घ्यायचं, याचं प्रशिक्षण त्यांना होतं. नंतर महिनाभर त्या ठरलेल्या दिवशी घरी जायच्या. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि कुटुंब रुग्णालयात जायला तयार नसेल, तर त्या प्रतिजैविकं द्यायच्या. त्यात इंजेक्शनही होतं.

डॉक्टर नसलेल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचं, हा या प्रयोगातला सर्वांत वादाचा भाग होता. म्हणूनच प्रत्येक कृतीची नोंद आणि तिची तपासणी यावर संस्थेचा भर राहिला.

आकडे काय सांगतात?

फक्त आपल्या गावांत मृत्यू कमी झाले, एवढं सांगून भागत नाही. ते रस्ते सुधारल्यामुळे किंवा पीकपाणी चांगलं झाल्यामुळेही झालेलं असू शकतं. म्हणून ३९ गावांसोबत आणखी ४७ गावांची तुलनेसाठी नोंद ठेवली गेली. तिथे नेहमीच्या सरकारी सेवा सुरू होत्या, पण आरोग्यदूतांचा कार्यक्रम नव्हता.

१९९३ ते ९५ या काळात प्रयोगाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, हा आकडा सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. दोन्हींचा हिशेब केल्यावर नवजात मृत्युदरातली निव्वळ घट ६२ टक्के निघाली.

हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यामुळे गडचिरोलीतलं काम ही फक्त एका संस्थेची कौतुककथा राहिली नाही. जगात कुणालाही तपासता येईल, दुसरीकडे करून पाहता येईल, अशी ती पद्धत ठरली.

सरकारने काय केलं?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं आणि गावोगावी 'आशा' नेमल्या गेल्या. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभरातल्या आशांकडे सोपवला.

त्यानुसार दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात भेटी होतात.

मात्र देशाने गडचिरोलीचा नमुना जसाच्या तसा घेतला नाही. आशांच्या कामात भर आहे तो आजारी बाळ वेळेत ओळखून रुग्णालयात पाठवण्यावर. साहजिकच पुढे रुग्णवाहिका आणि डॉक्टर मिळतात की नाही, यावर बरंच काही ठरतं.

भारताचा नवजात मृत्युदर २००० मध्ये दर हजारी ४४ च्या आसपास होता. २०२० मध्ये तो २० वर आला. ही सगळी घट गृहभेटींमुळे झाली, असं म्हणता येणार नाही. याच काळात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण खूप वाढलं. २००५-०६ मध्ये ते सुमारे ३९ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्के झालं. पण बाळ दवाखान्यातून घरी आल्यावर त्याच्याकडे पाहणारं कुणीतरी असलं पाहिजे, हा विचार धोरणात आला, त्यामागे गडचिरोलीचा मोठा वाटा आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण 'स्वयंसेविका' या शब्दात आहे. संस्थेची पद्धत देशाने घेतली, पण ती राबवणारी बाई आजही सरकारच्या लेखी मानद स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो.

२०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर आशाला एका बाळामागे २५० रुपये मिळायचे. त्याला अटीही होत्या. वजनाची नोंद, लसीकरण, जन्मनोंदणी हवी आणि आई-बाळ ४२ दिवसांपर्यंत सुखरूप हवेत. म्हणजे जिथे बाळ वाचलं नाही, तिथे केलेल्या भेटींचं काय, हा प्रश्न उरतोच.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्याच्या वर्षभर आधी, जून २०२१ मध्ये, कोरोनाकाळातल्या कामाचा योग्य मोबदला मिळावा म्हणून महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या होत्या. २०२३ मध्ये पुन्हा संप झाला. सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा आणि ठरावीक वेतन ही त्यांची जुनी मागणी आहे.

यातून काय लक्षात घ्यायचं?

एखादी संस्था स्वतः देशभर पोहोचू शकत नाही. तिच्याकडे तेवढी माणसंही नसतात आणि पैसाही नसतो. पण थोड्या गावांत नेटाने काम करून, नोंदी ठेवून, 'हे असं केलं तर जीव वाचतात' हे ती सिद्ध करू शकते. सगळीकडे पोहोचवण्याची जबाबदारी मात्र सरकारचीच राहते आणि ते काम करणाऱ्या माणसांना योग्य मोबदला देण्याचीही.

त्यामुळे एखाद्या संस्थेला देणगी किंवा वेळ देणार असाल, तर दोन प्रश्न जरूर विचारा. कामाचा परिणाम झाला की नाही, हे संस्था कसं मोजते? आणि उद्या ती तिथून निघून गेली, तर हे काम कोण करणार? गडचिरोलीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९९९ मध्येच मिळालं. दुसऱ्याचं उत्तर रोज खांद्याला पिशवी अडकवून घराबाहेर पडतं आणि महिनाअखेरीस आपल्या मोबदल्याची वाट पाहतं.